सिग्नल सुटतो, मग टेस्ट का फेल होते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पायसाइडमधलं, म्हणजे क्यूटी हे खिडक्या-बटणांचं टूलकिट पायथनमधून वापरून केलेलं डेस्कटॉप अ‍ॅप आहे. ‘आयात करा’ बटण दाबलं की दुसऱ्या थ्रेडमधला (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यातला) वर्कर फाइल वाचतो, वाचून झाली की ‘पूर्ण’ असा सिग्नल (काही घडल्याची सूचना) सोडतो आणि खिडकीतल्या टेबलात ओळी भरतात. टेस्टमध्ये तुम्ही बटण दाबून टाइम डॉट स्लीपने २ सेकंद थांबलात, तर टेबल रिकामंच राहिलं. स्लीप काढून क्यूटेस्ट या क्यूटीच्या टेस्टिंग भागातलं क्यूवेट टाकलं, तर तुमच्या मशीनवर टेस्ट पास होते आणि बिल्ड सर्व्हरवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) मधूनमधून फेल. आता वेळ २ ची ५ करू की १०, असं विचारताय.

वेळ वाढवून फेल होण्याचं प्रमाण कमी होईल, पण मूळ दुखणं तसंच राहील. शिवाय इथे दोन वेगळी दुखणी आहेत. स्लीपचं एक आणि क्यूवेटचं दुसरं.

स्लीपचं आधी बघू. मेन थ्रेड झोपला तरी वर्कर झोपत नाही. पायथनमध्ये स्लीप चालू असताना जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) मोकळा असतो, त्यामुळे वर्कर फाइल वाचून संपवतो आणि सिग्नलही सोडतो. पण टेबल मेन थ्रेडमध्ये राहतं. क्यूटी सिग्नल सुटायच्या क्षणी बघतं की सोडणारा थ्रेड आणि घेणाऱ्या ऑब्जेक्टचा थ्रेड एकच आहे का. एकच असेल तर स्लॉट, म्हणजे सिग्नलला जोडलेलं फंक्शन, तिथल्या तिथे चालतो. वेगळा असेल तर घेणाऱ्याच्या थ्रेडच्या रांगेत एक इव्हेंट जाऊन पडतो, आणि तो उचलायचं काम त्या थ्रेडच्या इव्हेंट लूपचं, म्हणजे रांगेतले इव्हेंट एकेक करून चालवणाऱ्या चक्राचं. तुमचा लूप झोपलाय. २ सेकंदांनी मेन थ्रेड जागा होतो आणि थेट पुढच्या ओळीवर जातो, म्हणजे तुमच्या असर्टवर (निकाल तपासणाऱ्या ओळीवर). इव्हेंट अजून रांगेतच आहे. २ सेकंदांऐवजी २ तास झोपलात तरी निकाल हाच. म्हणून जीयूआयच्या (खिडक्या-बटणांच्या) टेस्टमध्ये मेन थ्रेडवर स्लीप दिसला की मी रिव्ह्यूमध्ये पुढचं न वाचताच परत पाठवतो.

क्यूवेट थांबताना इव्हेंट लूप फिरवत ठेवतं, म्हणून स्लॉट चालतो. पण तुम्ही थांबताय घड्याळासाठी. काम ४० मिलिसेकंदांत झालं तरी पूर्ण २ सेकंद जाणार, आणि सर्व्हरवर तीन बिल्ड एकदम चालू असताना कामाला सव्वादोन सेकंद लागले तर टेस्ट पडणार. अशा ३०० टेस्ट झाल्या की नुसत्या थांबण्यात १० मिनिटं गेली.

यावरचा उपाय तुम्हाला बहुधा ऐकून माहीत असेल: घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहा आणि वेळ फक्त कमाल मर्यादा म्हणून द्या. पायटेस्ट-क्यूटी या पायथनमधल्या क्यूटी टेस्टच्या प्लगइनमध्ये यासाठी वेटसिग्नल आहे, सी प्लस प्लसमध्ये क्यूसिग्नलस्पाय (सिग्नल किती वेळा आला ते मोजणारा) आणि त्याचं वेट. दोघांचीही न सांगता धरलेली मर्यादा ५००० मिलिसेकंद आहे. ही मर्यादा पास होणाऱ्या टेस्टला एक क्षणही जास्त थांबवत नाही. सिग्नल आला की लगेच पुढे. त्यामुळे ‘५ की १०’ हा प्रश्न आपोआप स्वस्त होतो. सर्व्हर रखडत असेल तर खुशाल ३० सेकंद द्या. ती वेळ खर्च होईल ती फक्त खरोखर बिघडलेल्या टेस्टवर.

एवढं करूनही टेस्ट फेल होतात, आणि मग लोक म्हणतात की वेटसिग्नलच भरवशाचं नाही. बहुतेक वेळा कारण क्रमात असतं. आधी बटण दाबलं आणि मग सिग्नलला कान लावला, तर मधल्या वेळात सिग्नल येऊन गेलेला असू शकतो. बेल वाजून गेल्यावर दाराशी जाऊन बेल वाजायची वाट पाहण्यासारखं आहे ते. वेटसिग्नल विथ ब्लॉकमध्ये वापरायचं ते याचसाठी: ब्लॉकमध्ये शिरताना ते सिग्नलला जोडलं जातं, बटण दाबायची ओळ ब्लॉकच्या आत येते, आणि थांबणं ब्लॉकमधून बाहेर पडताना होतं. बटण दाबायची ओळ ब्लॉकच्या वर राहिली असेल तर ती आत घ्या. तुमच्या टेस्टमध्ये पहिली दुरुस्ती हीच करून बघा.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी याच जातीचा आणखी एक सापळा आहे. स्पाय आधी बनवला, बटण दाबलं, फाइल कॅशमध्ये असल्यामुळे सिग्नल तिथल्या तिथे सुटला, आणि त्यानंतर स्पायवर वेट बोलावलं. स्पायमध्ये मोजणी १ आहे, तरी वेट ५ सेकंद थांबून फॉल्स देतं. कारण वेट आधीची मोजणी लक्षात ठेवतं आणि तीत भर पडली का एवढंच बघतं. आधी येऊन गेलेला सिग्नल त्याच्या हिशेबात नाही. म्हणून वेटच्या आधी मोजणी तपासा, किंवा मोजणीवर क्यूट्राय-कम्पेअर लावा. तो मॅक्रो आधी बघतो, नसेल तर लूप फिरवत पुन्हा पुन्हा बघतो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिकडे येतो. सिग्नल आला म्हणजे पडदा बदलला असं नाही. क्यूसिग्नलस्पाय सिग्नलला थेट जोडलेला असतो, म्हणजे त्याची नोंद सिग्नल सोडणाऱ्या थ्रेडमध्येच होते. तुमचा टेबल भरणारा स्लॉट मात्र मेन थ्रेडच्या रांगेतून येणार. स्पाय ‘मिळाला’ म्हणतो त्या क्षणी टेबलात ० ओळी असू शकतात, आणि पुढच्या ओळीवरचा असर्ट कधी पास तर कधी फेल. त्यात टेबल भरणं आणखी एखाद्या शून्य वेळेच्या टायमरवर ढकललेलं असेल, किंवा डेटा आणि टेबल यांच्यामध्ये ओळींचा क्रम लावणारं प्रॉक्सी मॉडेल असेल, तर अंतर अजून वाढतं.

म्हणून टेस्टला खिडकीबद्दल काही म्हणायचं असेल तर मी खिडकीच्या स्थितीची वाट पाहतो. पायटेस्ट-क्यूटीचं वेटअनटिल एक फंक्शन घेतं आणि ते जमेपर्यंत लूप फिरवत पुन्हा पुन्हा चालवतं. त्या फंक्शनमधून ट्रू-फॉल्स परत देण्यापेक्षा आत असर्टच लिहा. मर्यादा संपली की नुसतं ‘वेळ संपली’ असं न कळता ‘१२० ओळी हव्या होत्या, ० मिळाल्या’ असं कळतं. सकाळी सर्व्हरवरचा लॉग उघडणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. सी प्लस प्लसमध्ये क्यूट्रायचे मॅक्रो आणि क्यूटी ५.१० पासूनचं क्यूवेटफॉर हेच काम करतात.

मग सिग्नलची वाट पाहायचीच नाही का? पाहायची, आणि इथे परिस्थिती बघावी लागते. वर्करची स्वतंत्र टेस्ट असेल तर सिग्नल हाच त्याचा शब्द आहे. तिथे वेटसिग्नलच हवं, सोबत आलेल्या किमती तपासून. प्रगती दाखवणारा सिग्नल दहा वेळा येणार असेल आणि तुम्हाला १०० घेऊन येणाराच हवा असेल, तर चेक-पॅराम्स-सीबी म्हणून तपासणारं फंक्शन देता येतं. शिवाय स्थितीवर थांबण्याचा स्वतःचा एक धोका आहे: हवी ती स्थिती सुरुवातीपासूनच असली तर टेस्ट काहीही न घडता पास होते. समजा, आयात चालू असताना बटण बंद राहतं आणि संपल्यावर पुन्हा चालू होतं. टेस्टमध्ये बटण दाबून ‘बटण चालू होईपर्यंत थांब’ असं लिहिलं. पण बटण बंद करणारा कोड वर्करच्या ‘सुरू झालं’ या सिग्नलवर बसलाय, म्हणजे दाबल्यानंतरच्या क्षणी बटण अजून चालूच आहे. वेटअनटिल पहिल्या फटक्यात खूश. आयात झालीच नाही आणि टेस्ट हिरवी! अशा ठिकाणी बदलाची वाट पाहावी लागते. बदल टिपायला सिग्नल बरा पडतो, किंवा आधी ‘बंद झालं’ आणि मग ‘चालू झालं’ अशा दोन पायऱ्या.

पण पहिल्या पायरीत पुन्हा शर्यत आहे. आयात इतक्या पटकन संपली की ‘बंद’ ही स्थिती टेस्टला दिसलीच नाही तर? यासाठी मी वर्करमध्ये एक फाटक ठेवतो. फाइल वाचणारं फंक्शन वर्करला बाहेरून द्यायची सोय करायची, आणि टेस्टमध्ये खऱ्या फंक्शनऐवजी थ्रेडिंग डॉट इव्हेंटवर (सेट होईपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या पायथनच्या खुणेवर) अडून राहणारं फंक्शन द्यायचं. बटण दाबलं की वर्कर फाटकाशी येऊन थांबतो. आता ‘बटण बंद आहे’, ‘चक्र फिरतंय’, ‘रद्द करा दिसतंय’ हे सगळं वेटअनटिलने निवांत तपासा, मधली स्थिती कुठे पळून जात नाही. मग इव्हेंट सेट करून फाटक उघडा आणि शेवटच्या स्थितीची वाट पाहा. वेळेचा अंदाज कुठेच लागत नाही. एकच पथ्य: फाटक उघडणारी ओळ फायनलीमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) हवी. नाहीतर मधला एखादा असर्ट पडला की वर्कर कायमचा अडकतो आणि टेस्ट संपताना सगळी प्रोसेस लटकते.

सर्व्हरवरच फेल होणारी टेस्ट आपल्या मशीनवर पकडायलाही हेच फाटक कामाला येतं. एकदा वाचन तत्काळ संपवा, एकदा मुद्दाम ३ सेकंद लावा. वर्करच्या आत स्लीप चालतो, आक्षेप मेन थ्रेडवरच्या स्लीपला आहे. दोन्ही टोकांना टेस्ट पास झाली तर मधल्या वेगांचीही फारशी भीती नाही.

‘अमुक घडत नाही’ हे तपासणं सगळ्यात अवघड. रद्द केल्यावर ‘पूर्ण’ हा सिग्नल येता कामा नये, हे कसं तपासणार? पायटेस्ट-क्यूटीमध्ये असर्ट-नॉट-एमिटेड आहे, त्याला किती वेळ लक्ष ठेवायचं तेही सांगता येतं. पण अर्धा सेकंद ठेवलं आणि सिग्नल पाऊण सेकंदाने आला तर टेस्ट खोटं बोलली. यासाठी मी शेवट कळवणारी दुसरी एखादी घटना शोधतो. थ्रेडचा फिनिश्ड सिग्नल आला म्हणजे वर्कर यापुढे काही सोडू शकत नाही. त्याची वाट पाहायची, रांगेत आधी पडलेलं काही असेल तर ते निघून जावं म्हणून एकदा प्रोसेसइव्हेंट्स, आणि मग ‘पूर्ण’ची मोजणी ० आहे का ते बघायचं. अशी घटनाच नसेल तर मात्र वेळेवर विसंबण्याला इलाज नाही. तेव्हा ती वेळ का निवडली हे टेस्टमध्ये कॉमेंट म्हणून लिहा.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट राहिली आहे: वर्करमध्ये चूक झाली तर काय होतं? फाइल सापडली नाही आणि वर्करने ‘अपयश’ असा वेगळा सिग्नल सोडला, तर ‘पूर्ण’ची वाट पाहणारी टेस्ट पूर्ण मर्यादा संपेपर्यंत बसून राहते आणि शेवटी ‘सिग्नल आला नाही’ एवढंच सांगते. खरं कारण हाती लागत नाही. मी अपयशाच्या सिग्नलला एक यादी जोडून ठेवतो, आणि वेटअनटिलच्या फंक्शनमध्ये सुरुवातीलाच यादी रिकामी आहे का ते बघतो. रिकामी नसेल तर रनटाइमएरर फेकतो, असर्ट वापरत नाही. कारण वेटअनटिल असर्शनएरर (असर्ट पडल्यावर उडणारा अपवाद) गिळून पुन्हा प्रयत्न करतं. बाकीचे अपवाद थेट बाहेर येतात आणि टेस्ट त्याच क्षणी खऱ्या कारणासकट पडते.

स्लॉटमध्येच अपवाद उडाला तर? पायक्यूटीमध्ये (क्यूटी पायथनमधून वापरायची दुसरी लायब्ररी) ५.५ पासून न पकडलेला अपवाद सगळी प्रोसेसच पाडतो. पायसाइड तो छापून पुढे जातं, आणि लॉगमध्ये तो सहज नजरेतून सुटतो. पायटेस्ट-क्यूटी असे अपवाद पकडून टेस्ट फेल करतं. ती सोय बंद करायचा एक मार्कर (टेस्टवर लावायची खूण) आहे. कोणी ‘टेस्ट हिरवी करायला’ तो लावून ठेवला नाही ना, तेवढं बघून घ्या.

टायमरचं थोडक्यात. शोधपेटीत टाइप केल्यावर ३०० मिलिसेकंद थांबून शोध सुरू होत असेल, तर टेस्टमध्ये ३०० थांबू नका. मध्यांतर बाहेरून देता येईल असं करा आणि टेस्टमध्ये ० द्या. शून्याचा टायमरही लूप फिरल्यावरच चालतो, त्यामुळे क्रम शाबूत राहतो आणि वेळ वाचते. तीन अक्षरं टाइप केली तरी शोध एकदाच व्हायला हवा, हे मात्र शून्याने नीट तपासता येत नाही. तिथे मध्यांतर मोठं ठेवून टायमर चालू आहे का आणि शोधाची मोजणी अजून ० आहे का ते बघायचं.

मोडल डायलॉग, म्हणजे बंद करेपर्यंत बाकीच्या खिडक्या अडवणारी खिडकी, हा वेगळाच प्रकार. ‘खात्री आहे का?’ विचारणारी क्यूमेसेजबॉक्सची खिडकी उघडली की ती स्वतःचा लूप चालवते, आणि बटण दाबायची तुमची ओळ परतच येत नाही. पुढे कितीही वेट लिहा, तिथपर्यंत टेस्ट पोचणारच नाही. तो प्रश्न विचारणारं फंक्शनच मंकीपॅचने (टेस्टपुरतं) बदलून ‘हो’ परत द्या. डायलॉग स्वतःच तपासायचा असेल तर बटण दाबायच्या आधी सिंगलशॉट टायमर लावून ठेवा. तो डायलॉगच्या आतल्या लूपमध्ये चालेल आणि तिथलं बटण दाबेल.

सर्व्हरवर खरा पडदा नसतो, त्याचाही वाटा असू शकतो. ऑफस्क्रीन प्लॅटफॉर्मवर किंवा विंडो मॅनेजर नसलेल्या एक्सव्हीएफबीवर (आभासी पडद्यावर) खिडकी ‘सक्रिय’ होईलच असं नाही. फोकसवर अवलंबून असलेल्या टेस्ट तिथे पडतात आणि दोष सिग्नलच्या माथी येतो. खिडकी दिसेपर्यंत थांबणं आणि सक्रिय होईपर्यंत थांबणं यासाठी वेगळी फंक्शन्स आहेत. गरज नसेल तर दुसरं मागू नका.

आता माझं मत, पटेल तेवढं घ्या. प्रत्येक टेस्टमध्ये खरा थ्रेड चालवायची गरज नसते. फाइल वाचून ओळी बनवणारा भाग साधं फंक्शन म्हणून तपासा, तिथे क्यूटीचा संबंधच नको. ओळी मिळाल्यावर टेबल भरणारा स्लॉट थेट बोलावून तपासा. मग खऱ्या थ्रेडसकट, बटणापासून टेबलापर्यंत जाणाऱ्या दोन-तीन टेस्ट पुरतात: एक यशाची, एक अपयशाची, एक रद्द करण्याची. काही जण सगळ्या टेस्टमध्ये थ्रेड काढून वर्कर मेन थ्रेडमध्येच चालवतात. वेग छान येतो, पण तेव्हा रांगेतून येणारे सिग्नल थेट येऊ लागतात आणि क्रम बदलतो. क्रमातला बग मग टेस्टमध्ये दिसत नाही, वापरणाऱ्याला दिसतो. म्हणून त्या दोन-तीन टेस्ट खऱ्या थ्रेडवरच ठेवा.

हेच गणित इतर टूलकिटमध्येही आहे. जावाच्या स्विंगमध्ये इन्व्होकअँडवेट, ॲपलच्या एक्ससीटेस्टमध्ये एक्स्पेक्टेशन. नावं वेगळी, पण जीयूआयचा थ्रेड अडवून त्याच थ्रेडवर काही घडायची वाट पाहणं कुठेच चालत नाही.

शेवटचं, टेस्ट संपतानाचं. ‘थ्रेड चालू असतानाच नष्ट झाला’ अशी क्यूथ्रेडची ओळ कधी लॉगमध्ये दिसली, तर आधीच्या टेस्टचा वर्कर जिवंत राहिलाय, आणि क्यूटी ५ पासून या ओळीबरोबर प्रोसेसही कोसळते. ओळ आली नाही तरी जिवंत राहिलेल्या वर्करचा सिग्नल पुढच्या टेस्टमध्ये येऊन पडू शकतो. एकटी चालवली की पास आणि सगळ्यांबरोबर फेल, अशी टेस्ट दिसली की मी आधी हेच बघतो. फिक्स्चर (टेस्टसाठी केलेली मांडणी) मोडताना थ्रेडला क्विट सांगा आणि मग मर्यादा देऊन वेट करा. तुम्ही क्यूथ्रेडचं रन हे फंक्शन ओव्हरराइड करून (स्वतः नव्याने लिहून) त्यात सरळ काम लिहिलं असेल तर क्विटचा उपयोग नाही, कारण तिथे थांबवायला लूपच नाही. रिक्वेस्टइंटरप्शन द्यावं लागेल आणि वाचनाच्या लूपमध्ये ते मधूनमधून तपासावं लागेल. वर्कर ब्लॉकिंग-क्यूड (उत्तर येईपर्यंत अडवून ठेवणाऱ्या) जोडणीने मेन थ्रेडला काही विचारत असेल, तर थ्रेडवरचं वेट आणि वर्कर एकमेकांची वाट पाहत बसतील. तिथे आधी फिनिश्ड सिग्नलसाठी लूप फिरवत थांबा, मग वेट. हे सगळं करूनही सर्व्हरवर टेस्ट पडली तर वर्कर कुठे तयार करता, मूव्हटूथ्रेड (वर्कर दुसऱ्या थ्रेडकडे सोपवणारं फंक्शन) कधी बोलावता आणि कोणता सिग्नल कशाला जोडलाय तेवढा भाग टाका. फाइल वाचायचा कोड नसला तरी चालेल.